साहेबाचं आडवं धनुष्य आमच्या घरी

१ फेब्रुवारी १८६४, सोमवार. अमरावती.
कंपनीचे साहेब तीन आठवडे अकोल्याला कापूस खरेदीला गेले. जाताना आपला क्रॉसबो माझ्या हाती दिला. बंदुकीसारखा लाकडी दस्ता, पुढे आडवी पोलादी कमान, तिला बोटाएवढी जाड दोरी. दस्त्यावर एक पन्हळ असते, तिच्यातून बाण सरकतो. तिला साहेब रेल म्हणतात. ऑर्डर तीन. दोरीला आठ दिवसांनी मेण लावायचं. रेलला एक बोट तेल. आणि बाण नसताना दोरी ओढून सोडायची नाही, कमान मोडते.
खुशालराव कारकुनानं पाठ दुखते म्हणून आधी नकार दिला होता, हे खरं. पण साहेबांच्या मनात मीच होतो. घरी आणताना हात लांब धरून आणला. लाकडाला घाम लागू नये म्हणून.

३ फेब्रुवारी, सकाळ.
शेजारचे रामराव बघायला आले. म्हणे, तुमाले चालवता येते काय? मी कमानीपुढच्या कडीत पाय घातला, दोरी ओढली. खट्! दोरी खाचेत बसली. रामराव दोन पावलं मागे सरकले.
मग ऑर्डर आठवली. बाण नसताना सोडायची नाही. बाण सगळे साहेबांबरोबर अकोल्याला.
तूर्त माजघरात असंच राहू दे. घाबरण्यासारखं काही नाही.

४ फेब्रुवारी.
धनुष्याचं तोंड कुणीकडे करावं? पूर्वेला देव. पश्चिमेला चूल. दक्षिणेला गोठा, गाय गाभण. उत्तरेला रामरावांची भिंत. भिंत जाड आहे. उत्तर.

७ फेब्रुवारी, रविवार.
मेण लावायचा दिवस. चांगलं मेण मेळघाटातले कोरकू परतवाड्याच्या बाजारात आणतात. गाडीनं एवढं लांब जाणं सीझनमध्ये शक्य नाही. वाण्याकडेही मेण असेल म्हणतात, पण त्याला कारण सांगावं लागेल. तूप लावलं, साजूक. रेलला जवसाचं तेल. कावळ्याचं पीस लांब काठीला बांधून दारातून लावलं. लांबून लावल्यानं तेल सारखं बसतं.

९ फेब्रुवारी.
मनकर्णा, म्हणजे घरची, आता माजघरातून जात नाही. अंगणाला वळसा घालून मागच्या दारानं चुलीपाशी जाते. आज विचारलं, हे उतरवत काहून नाई? म्हटलं, कंपनीचा रूल आहे. ती म्हणे, तुमाले भेव वाटते. मी पागोटं घालून गोदामाला निघालो. प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

१२ फेब्रुवारी.
जवसाचं तेल वाळलं. रेल डिंकासारखी चिकट. वर मुंग्यांची रांग. उद्या सकाळी पुसणार, नक्की.

१३ फेब्रुवारी.
गोदामात गाड्या फार आल्या. पुसलं नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी सात.
उंदीर. तुपाच्या वासानं आला असणार. दोरीचे दोन पदर कुरतडलेत, तिसरा अर्धा. कमान तशीच ताणलेली. मधूनच बारीक आवाज येतो, टिक्. हे ओसरीवर बसून लिहितो आहे. इथं वारा चांगला लागतो.
रामरावांना म्हटलं, खाट तुमच्या उत्तरेच्या भिंतीशी घ्या, तब्येतीला बरं. ते म्हणे, माह्या तब्येतीले काय झालं? खाट हलवली नाही.
तोंड दुसरीकडे फिरवायचं ठरवलं. त्यासाठी हात लावावा लागतो. ठराव रद्द.

१६ फेब्रुवारी.
साहेबांना अकोल्याला लेटर धाडलं. कंडिशन उत्तम. मधूनच टिक्. जेवण गेलं नाही. उन्हामुळे.

१७ फेब्रुवारी, सकाळ.
मनकर्णानं मला न विचारता अमीनबी पिंजारणीला आणलं. म्हातारी चाळीस वर्षं कापूस पिंजते. पिंजणीची तात ताणणं आणि उतरवणं हा तिचा रोजचा धंदा. दारातून नीट पाहिलं, मग जोडे काढून आत गेली. मी ओसरीवर. म्हणाली, बाबू, दोरी कुरतडली हाय. आज ना उद्या तुटन. तुटली त कोनाचा तरी डोळा जाईन.
तिनं ठरवलं ते असं. हाताला फडकी गुंडाळून तिनं आणि मनकर्णानं दोरी धरायची. अमीनबीनं एका हातानं चाप दाबायचा. मी दस्ता जमिनीला घट्ट दाबून धरायचा, म्हणजे दोरी हळूहळू पुढे सोडता येईल. मी म्हटलं, सोपं आहे.

१७ फेब्रुवारी, दुपार.
झालं. धनुष्य उतरलं. कमान शाबूत.
दस्ता निसटला. जवसाच्या तेलानं बुळबुळीत झाला होता. दोरी मनकर्णाच्या उजव्या हातावर बसली. दोन बोटं सुजली, एक नख काळं पडलं. अमीनबीनं हळद बांधली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हातारीला कमी दिसत असावं.

१९ फेब्रुवारी.
अमीनबीनं सुताची नवी दोरी वळली. तिला मेण चोळलं. मेण तिच्या बटव्यातच होतं. रेलवरचा डिंक सुरीच्या पाठीनं खरवडला, एरंडेलाचं एक बोट फिरवून पुसून घेतलं. म्हणे, तेल दिसलं नाई पायजे, बोट सरकलं पायजे. सगळं माझ्या देखरेखीखाली.
मनकर्णाला भाकरी थापता येत नाही. रामरावांकडून येते. ती माझ्याशी बोलत नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार.
साहेब आले. दोरी ओढली, बाण लावला, कापसाच्या गठ्ठ्यावर मारला. पिसापर्यंत आत गेला. फार खूश. हे कोणी केलं? माझ्या तोंडून निघालं, मी.
साहेब म्हणाले, छान. उद्या चिखलदऱ्याला अस्वलाच्या शिकारीला निघायचं. मी बंदूक धरीन, तू शेजारी उभा राहून हे ताणून देत जा.
खुशालराव कौतुकानं बघत होते.

२२ फेब्रुवारी, दिवेलागण.
उद्या मला ताप येणार. नक्की. मनकर्णा डाव्या हातानं माझी वळकटी बांधते आहे. विचारलं, अस्वल माणसाला कुठे धरतं गं? पाच दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणे, तोंडाले.

२३ फेब्रुवारी.
ताप आला नाही. गाडी दाराशी आली. खुशालरावही निरोप द्यायला आले होते. मनकर्णा वळकटी द्यायला बाहेर आली तेव्हा साहेबांना तिची बोटं दिसली. काय झालं? मी तोंड उघडलं, जवसाच्या तेलामुळे, असं म्हणायला. पण म्हणालो, साहेब, मला या वस्तूची पहिल्या दिवसापासून भीती वाटते. दोरी अमीनबीनं केली. मी काही केलं नाही.
साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. एवढंच म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर दाखवलं असतं. अमीनबीला बोलावलं, चल म्हणाले. ती म्हणे, मी कापूस पिंजतो साहेब, अस्वल नाई. मग साहेब एकटेच गेले. मला गोदामातल्या तराजूवर कापूस तोलायला बसायला सांगून.
तराजूवरून येऊन हे लिहितो आहे. सतरा तारखेला लिहिलं ते खोटं आहे. दस्ता बुळबुळीत नव्हता, चिकट होता. निसटणार कसा? अमीनबी 'धर' म्हणाली, चाप वाजला, आणि मी सोडून पळालो. गोठ्यापर्यंत.
मनकर्णाला वाचता येत नाही, म्हणून मला वाटलं होतं की इथं काहीही लिहावं. पण तिला वाचायची गरजच नाही. दोरी तिच्या हातात होती.