तुमचा घसा स्वच्छ निघाला

सिस्टर, तुमच्यावरचा माझा संशय अजून पूर्ण गेलेला नाही, हे आधीच सांगते.

त्या दुष्काळात आपल्या सहकारी दवाखान्यात टँकर दिवसाआड यायचा. प्रसूतीच्या खोलीत हात धुवायला तांब्याभर पाणी, तेही मागून घ्यायचं. पाठोपाठ तीन बाळंतिणींना ताप आला, त्यातली घाटनांदूरची गेली. सगळे टँकरला दोष देत होते. मी लॅबमध्ये नवी होते. तिघींच्या नमुन्यांत एकच जंतू वाढला, स्ट्रेप्टोकोकस. तो सहसा माणसाकडून माणसाकडे जातो, आणि ज्याच्या अंगात असतो तो अनेकदा ठणठणीत दिसतो. मी डॉक्टरांना म्हणाले, आपल्यातलंच कोणीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी मी कापसाची काडी घेऊन तुमच्यासमोर उभी आहे. तुम्ही तोंड उघडता आणि परत मिटता. "काहून गं, माझ्या नरड्यात बोअर पाडतीस का? पाणी लागलं तर सांग, समद्या वॉर्डाला पाजू." वॉर्डातल्या मावशी खो खो हसतात. मी हसत नाही. तिन्ही बाळंतपणं तुमच्याच हातची, हे मी रजिस्टरमध्ये पाहून आलेली असते.

तुमचा घसा स्वच्छ निघाला. सगळ्यांचेच निघाले. मग मी डॉक्टरांना सांगितलं, सिस्टरांनी आधीच गुपचूप अँटिबायोटिक घेतलं असेल. त्यांनी तुम्हाला बाळंतपणांवरून काढून इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. ताप थांबले. मला तेवढा पुरावा पुरला. पुढे शिकताना कळलं, हा जंतू घशात नसला तरी कातडीवर, डोक्याच्या त्वचेवर, अवघड जागी राहू शकतो. मी फक्त घसे तपासले होते. बाकीचं विचारायची मला लाज वाटली होती. तुम्हाला लबाड ठरवायची वाटली नाही. तुम्ही वारल्यावर त्या मावशींपैकी एक केजच्या स्टँडवर भेटल्या. म्हणाल्या, "शेवटपर्यंत म्हणायच्या, म्या एक गोळी घेतली न्हाई, सांगा त्या पोरीला."

हे तुमच्या मुलीला पाठवायचं ठरवलं होतं. पाठवत नाही, कारण मग पुढचंही लिहावं लागेल. सगळ्यांचे घसे मी तपासले, स्वतःचा सोडून. बाळंतिणींच्या उशाशी बसून रक्त मीही घ्यायचे. आणि तुम्हाला हलवलं त्याच आठवड्यात, घसा दुखतोय म्हणून मी अँटिबायोटिक घेतलं होतं. दहा दिवस, न चुकता.