विचारायचं राहून गेलं

प्रिय ठकू,

तुझा लेखी जबाब चौकशी समितीकडे पोचला, असं तिथल्या कारकुनांनी काल फोनवर सांगितलं. पार्लर माझ्या नावावर, म्हणून त्याची नक्कल आज मलाही आली. अर्ध्या पानात कामाची ओळ एकच आहे : ‘बाईंना रात्रीच्या मलमाबद्दल विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.’ खाली तुझी सही. समितीनं हे मान्य केलं तर तुझं प्रमाणपत्र कायमचं जाईल, हेही कारकुनांनीच सांगितलं.

गणिताच्या बाई परवा रस्त्यात भेटल्या. सात महिने झाले, तरी डाव्या गालावर तपकिरी डाग तसाच आहे आणि त्याच्या कडेची कातडी ताणल्यासारखी चकाकते. त्वचेच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, फिका होईल, जाणार नाही. माझ्याशी त्या नीट बोलल्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, हल्ली फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय झालीय, मुलं पाठीकडे बघून काही विचारत नाहीत. तुझं नाव काढलं नाही. त्यांच्या लेखी तो डाग तुझ्या हातचा आहे.

घरी आईचंही तेच. ठकूचा हात पहिल्यापासून जड, पातेलं घासायला दिलं तर तळ झिजवून आणायची, असं ती येईल त्याला सांगते. मी समोरच बसलेली असते. तू औषधांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून बाटल्यांना लेबलं लावतेस, हे मावशीकडून कळलं. लेबल वाकडं लागलं की सोलून पुन्हा लावतेस म्हणे, शेजारच्या बायका वैतागतात. हे मात्र मला कुणी सांगायला नको होतं.

तुझं पहिलं पील आठवतं का? ते कातडी सोलणारं आम्ल तू माझ्याच चेहऱ्यावर लावलंस. मी तुला पढवलं होतं की कातडी खसाखसा घासून कोणी उजळत नाही. मेलेली तेवढी निघावी, जिवंत कातडीला धक्का लागू नये. आदल्या दिवशी कानामागे थेंब लावून बघायचा. घड्याळ गिऱ्हाइकाच्या नाही, आपल्या नजरेसमोर ठेवायचं. आणि रात्री काय लावता, हे दर वेळी नव्यानं विचारायचं, कारण मुरुमांच्या मलमानं कातडी पातळ होते आणि तिच्यावर पील म्हणजे भाजणंच. तू मला चारदा विचारलंस. एका खोलीत झोपणाऱ्या बहिणीला, वहीत बघून, ‘ताई, रात्री काही लावतेस का?’ चौथ्यांदा मी म्हटलं, हो, तुझ्या घोरण्याला कंटाळून कानात कापूस लावते. तू तेही गिऱ्हाइकाच्या कार्डावर लिहिलंस. ते कार्ड अजून खणात आहे.

जी चारदा विचारते, तिचं विचारायचं राहत नाही, ठकू. त्या गुरुवारीही राहिलं नव्हतं. बाई डोळ्यांवर कापूस ठेवून पडल्या होत्या. तू विचारलंस तेव्हा त्या म्हणाल्या, ताईंना सगळं सांगितलंय. तरी तू हातातली वाटी खाली ठेवलीस आणि पडद्याजवळ येऊन मला विचारलंस, ‘ताई, बाईंचं काही चालू आहे का?’ बाईंनी त्याच सकाळी फोनवर मला मलमाचं सांगितलं होतं. ते बंद करून आठवड्यानं या, एवढंच मला म्हणायचं होतं. पण शाळेचा फोटो चार दिवसांवर होता आणि समोर नवं पार्लर उघडलं होतं. आपण नाही म्हटलं तर त्या रस्ता ओलांडतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी फोनवर त्यांना म्हटलं, चालतंय. कार्डावर काही लिहिलं नाही. आणि तुला म्हटलं, ‘नाही गं, कर तू.’

बाई ओरडल्या तेव्हा तुझ्या घड्याळात अजून एक मिनिट बाकी होतं. पाण्याची फडकी तूच ठेवत होतीस. मी दारात उभी राहून सगळ्यांदेखत म्हटलं, किती वेळ ठेवलंस? तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मला वाटलं, आज नाही तर उद्या मी सांगेन. तूही तेवढ्यासाठीच थांबली असशील. सात महिन्यांत मी सांगितलं नाही, म्हणून मग तू ती ओळ लिहून दिलीस.

उद्या मी बाईंच्या घरी जाणार आहे. आईला आज सांगितलं. तिनं तुझ्या खुर्चीवर रचलेले टॉवेल उचलून कपाटात ठेवले. सोमवारी अकराला समितीसमोर मी माझा जबाब वाचेन. पार्लर बहुधा बंद होईल, असं वकील म्हणाले. त्यानंतर तुला आत बोलावतील, आणि तू तुझ्या सहीला चिकटून मला पुन्हा पाठीशी घालशील, हे मी ओळखून आहे. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. ते विचारतील, त्या दिवशी तू ताईला विचारलं होतंस का. खाली बघू नकोस. हो म्हण.

तुझीच,
ताई