वाटाण्याएवढी पेस्ट

आदरणीय व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. विहीणबाईंनाही माझा नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागे जिन्यावर तुम्ही "काही नाही, जुना पाहुणा आहे" म्हणालात, तेव्हापासून मला त्याची काळजी लागून राहिली आहे. डॉक्टरांना दाखवाच. (पाहुणा जुना झाला की जायचं नाव काढत नाही. हे मी लेकीच्या घरात बसून लिहितोय, याची मला जाणीव आहे.) लेक आणि जावई तुमच्याकडे सुखरूप पोचले हे ऐकून जिवाला बरं वाटलं. इकडे मी खुशाल आहे. कुंड्यांना वेळच्या वेळी पाणी मिळतं, दाराला कडी लागते आणि दूध अजून एकदाही उतू गेलेलं नाही. संगणकही खुशाल आहे. त्याची तुम्ही चौकशी केली नाहीत, पण मीच आपणहून सांगतो.

निघताना लेकीने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, "बाबा, आम्ही परत आलो की मागच्या खोलीचं बोलू." दुसरी, "तोवर कशाचं झाकण उघडून बघत बसू नका." दुसरीचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. (जावयांच्या नावाने आलेलं पार्सल मी फोडलं होतं ते आतला माल फुटला तर नाही ना हे बघायला. फुटला नव्हता. मी फोडताना मग एक कप गेला.) पण झोप उडवली ती पहिल्या गोष्टीने. मागची खोली म्हणजे ती पूर्वेच्या खिडकीची, जिथे सध्या इस्त्रीचं टेबल आणि रिकामी खोकी आहेत. ती मला द्यायची असं बोलणार, की जावयांचं काम तिकडे हलवायचं असं बोलणार, काही कळायला मार्ग नाही. लेकीची आई गेल्यापासून माझ्या घरच्या दोन खोल्या मला खायला उठतात, व्याहीबुवा. तेव्हा मनाशी म्हटलं, या मुक्कामात आपण असं काहीतरी उपयोगाचं करून ठेवायचं, की म्हातारा घरात असलेला बरा असं दोघांना वाटलं पाहिजे.

जावई ज्या संगणकावर पुलांचे आराखडे काढतात, तो हल्ली पिठाच्या गिरणीसारखा घोंघावायचा. आतली पेस्ट वाळलीय, बदलायला हवी, पण वेळ होत नाही, असं ते स्वतःच म्हणाले होते. नवी ट्यूब टेबलावर तशीच पडून होती. प्रकार साधा आहे. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, आगपेटीपेक्षाही लहान. काम करताना तो तापतो. त्याच्या डोक्यावर पंख्यासकट एक धातूचा ठोकळा बसवलेला असतो, त्याला ही मंडळी कूलर म्हणतात. (आपल्या खिडकीतल्या कूलरशी त्याचं काही नातं नाही, पाणी घालायची जागा मी शोधून पाहिली.) दोघांच्या मध्ये ही करड्या रंगाची पेस्ट लावायची, म्हणजे खालची उष्णता वर जाते. नाही लावली तर मेंदू तापून संगणक मध्येच बंद पडतो. हे पाहून मला आमचे कारखान्यातले साहेब आठवले.

ट्यूबबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं, वाटाण्याएवढा थेंब मधोमध ठेवा. आता वाटाणा हा विषय कुणी मला शिकवावा? उभा जन्म मी डबाबंद वाटाण्याच्या कारखान्यात तपासनीस होतो. आमच्याकडे वाटाण्याच्या तीन प्रती होत्या, बारीक, मध्यम आणि टपोरा. यातला कुठला, ते कागदावर नाही. मी मध्यम धरला. चार स्क्रू सोडले, ठोकळा हलकेच उचलला, जुना खपला शेजारच्या नर्सबाईंकडून आणलेल्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढला, थेंब ठेवला, ठोकळा बसवला आणि स्क्रू समोरासमोरचे दोन-दोन असे आवळले. संगणक सुरू केला. गिरणी बंद. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा असतो, तो धाडकन खाली आला. मी इतका खूश झालो की स्वतःसाठी दुसऱ्यांदा चहा टाकला.

इथेच थांबलो असतो तर तुम्हाला हे पत्र आलं नसतं. पण चहा पिता पिता मनात किडा वळवळला, की पेस्ट पसरली कशी असेल? चारी कोपऱ्यांपर्यंत पोचली असेल का? न बघता मी आयुष्यात कशावर सही केलेली नाही. मी संगणक बंद केला, स्क्रू काढले आणि ठोकळा उचलला. व्याहीबुवा, काय सुंदर पसरली होती. पातळ, एकसारखी, कोपरान् कोपरा भरलेला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. समाधानाने ठोकळा परत ठेवला, आणि मग तो कागद शेवटपर्यंत वाचला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एकदा बसवल्यावर उचलू नये, उचलल्यास हवा शिरते, सगळं पुसून नव्याने लावावे. म्हणजे पेस्ट चांगली आहे हे कळलं, आणि कळलं म्हणूनच ती वाया गेली.

कारखान्यात हा पेच नव्हता. तिथेही फोडलेला डबा विकता येत नसे, पण शंभरातला एक फोडायचा आणि बाकीचे त्याच्या भरवशावर सोडायचे. इथे डबाच एक. मी पुसून पुन्हा लावली. आता तुम्हीच सांगा, पहिल्या खेपेची पाहिली होती, या खेपेची पाहिली नव्हती. पहिल्याइतकी ती चांगली असेल कशावरून? पाहिलं. होती. पुन्हा पुसलं. तिसऱ्या खेपेस टपोरा वाटाणा घेतला तर ती कडेने ओघळली. तेही पाहिल्यावरच कळलं, त्यामुळे ते पाहणं मी वाया गेलेल्यांत धरत नाही. नर्सबाईंकडे बोळे मागायला गेलो की त्या दार उघडतानाच विचारायच्या, "काका, आता कोण पडलं?" शेवटी त्यांनी अख्खी बाटलीच हातात ठेवली.

आज सकाळी ट्यूब संपली. मुडपून, पिळून, लाटण्याने लाटून शेवटचा थेंब काढला, तो जेमतेम बारीक प्रतीचा भरला. तोच लावला, ठोकळा बसवला, स्क्रू आवळले. आकडा आजवरच्या सगळ्या खेपांपेक्षा खाली आहे. आत पेस्ट कशी बसली आहे हे मला माहीत नाही, आणि ट्यूबच नसल्यामुळे माहीत करून घेण्याची सोयही नाही. दुपारभर मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. तासभर हात शिवशिवले, मग थांबले. खरं सांगतो, न बघता एवढं छान वाटू शकतं हे या वयात कळलं. संगणक चालतोय, मीही बरा आहे.

पत्र नर्सबाईंच्या भावाबरोबर पाठवतोय, तो तुमच्याच गावी निघालाय. फोन करणार होतो, पण तुमच्याकडे तो जावईच उचलतात आणि माझ्या नुसत्या खाकरण्यावरून त्यांना सगळं कळतं. गुडघ्याला जपा, दोघांना आशीर्वाद.

तुमचा,
व्याही

ता. क. तिकडच्या दुकानातून तसलीच एक ट्यूब घेऊन ती तुमची भेट म्हणून जावयांना द्यावी. दुकानदाराने बळेच गळ्यात मारली म्हणा, तुमच्या बाबतीत ते त्यांना पटेल. ते ती घेऊन आले, की इथे जुनी टेबलावर होती तिथे ठेवून देईन. उघडणार नाही.

ता. क. दुसरं. ट्यूब नाही मिळाली तरी चालेल. दोघांनी तुमच्यापाशी मागच्या खोलीचा विषय काढला का, एवढं कळवा. तुम्ही होऊन विचारू नका, जेवताना निघालाच तर कान द्या. मला इथे राहायचंय, व्याहीबुवा. हे लेकीला सांगायची माझी हिंमत होत नाही, कारण मग ती नाही म्हणू शकणार नाही.

ता. क. तिसरं. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं दिसेल, नर्सबाईंच्या भावावर संशय घेऊ नका. मीच फोडलं. वरचं राहण्याबद्दलचं वाक्य खोडायला उघडलं होतं. वाचलं, आणि राहू दिलं.