लेकीच्या घरचा भात

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, पण भात शिजायला ठेवला की तुझ्याशी माझं भांडण अजून सुरू होतं. बाबा गेल्यावर तुझे गुडघे धरले, तेव्हा मी तुला दवनीवाड्याहून गोंदियाला माझ्याकडे आणलं. जीपमधून उतरलीस आणि कपड्यांच्या पिशवीआधी तांदळाने भरलेली तागाची चुंगडी उतरवून घेतलीस. आपल्या धानाच्या बांधीतला चिनोर तांदूळ. मागोमाग लाखोरीची डाळ, तिखट, तेलाचा डबा आणि रॉकेलचा स्टोव्ह. मी विचारलं, हे कायले? तर म्हणालीस, “लेकीच्या घरचं खात नसतात. चुंगडी सरली का मी चालली आपल्या घरी.” गावच्या त्या घरात आता तुझ्याजवळ कोणीच नव्हतं. एकटी असताना अंगणात पडलीस तर उचलणार कोण, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसायचा. तुला त्याचं काही नव्हतं.

मग एकाच स्वयंपाकघरात दोन संसार सुरू झाले. ओट्यावर माझा गॅस, खाली फरशीवर तुझा भरभरणारा स्टोव्ह. नळाचं पाणी तेवढं चालायचं, कारण ते सरकारचं. तुझे जावई हसायचे, मला मात्र हसू यायचं नाही. शेजारच्या भाभी एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, “माताजी अलग पकाती हैं? कुछ झगड़ा हुआ क्या?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या गल्लीला वाटणार, ही मास्तरीण आईला जेवू घालत नाही! तू आतूनच ओरडलीस, “झगडा कायका भाभी, लडकी का घर है ना!” भाभींना त्यातून काय कळलं देव जाणे. तो सगळा राग मी तुझ्यावरच काढायचे. गोळी काऊन नाही घेतली, ओल्या फरशीवर काऊन चाललीस, स्वेटर कुठे टाकलंस. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी माझी सुरुवात. तू निमूट ऐकायचीस आणि माझी पाठ वळली की तोंड वाकडं करून माझी नक्कल करायचीस. समोरच्या आरशात मला सगळं दिसायचं.

चुंगडी मात्र दिवसेंदिवस खाली बसत चालली होती. शेत तू ठेक्याने दिलेलं, आणि नवं धान घरात यायला अजून अवकाश होता. एका रविवारी तू ती उलटी करून झटकतेस, तिची नीट घडी घालतेस आणि लुगडी पिशवीत भरायला लागतेस. मी भ्याले की ओरडते, हे तुला ठाऊक होतंच. “कुठे निघाली? तिथं पडली तर कोन पाहील तुले? ठेव ती पिशवी! हात धू अन् गुपचूप जेवाले बस!” तेवढ्यात बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरावरून घरघरत जातं. मग तू हात धुतेस आणि भिंत धरत धरत पाटावर बसतेस. “सकाळपासून रागावून राहिली माझ्यावर,” तू म्हणतेस. “माही माय बी असंच करे. तू लेक कायची? मायच झाली तू माही. अन् मायच्या घरचं खाल्लं तं चालते. वाढ.”

मी वाढलं. तू घास घेतलास, चावलास आणि म्हणालीस, “भात गिचका केला, पार गोळा झाला.” मग अजून मागितलास. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं, माय.

गावी जायचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस, शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिलीस. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, घडी होऊन माझ्याच कपाटात राहील, म्हणून सांगून टाकते. त्या रविवारनंतर तुझं ताट वाढण्याआधी मी तुझी माय होऊन तुला काहीतरी बोलायचेच. पदर नीट घे, केस विंचर, किती हळू चालतेस. तू मान खाली घालून यायचीस आणि जेवायचीस. त्यातल्या बहुतेक वेळा मला राग आलेलाच नसायचा.