कोरी फरशी

रविवार, २ फेब्रुवारी
पुन्हा उजवा कल्ला वर, डावा खाली! ही म्हणाली, "सव्वीस वर्षं एकाच न्हाव्यापुढे मान वाकवलीत. आता सोडा. सहा आठवड्यांवर लेकीचं लग्न आलंय!"
सोडू कसा? न्हावीमामांची सत्तरी उलटली. नजर अधू झाली. पण माझे पहिले पांढरे केस त्यांनीच पाहिले, मला न सांगता कापून टाकले.

रविवार, ९ फेब्रुवारी
कल्ले सारखे करून घ्यावेत म्हणून गेलो. एरवी मी सकाळी सातला, पहिला. आज दहा वाजले. दुकान भरलेलं. खुर्चीत कोपऱ्यावरचा शिंपी. मामांची कात्री जोरात चालू — कचकच, कचकच. तो उठला, कापड झटकलं. खाली बघतो तर फरशी कोरी! मग कंपाउंडर बसला. तेच. एक केस पडला नाही.
काहीच कळेना. तसाच परत आलो.

बुधवार, १२ फेब्रुवारी
शिंप्याला गाठलं. तो हसायलाच लागला. "तुम्हाला माहीत नाही? अहो, आम्ही आधी पुलापलीकडच्या दुकानात कापून घेतो, मग मामांकडे बसतो. त्यांना कुठे दिसतंय! म्हातारा खूश."
"मला कुणी सांगितलं नाही ते?"
"आम्हाला वाटलं, तुम्ही देवमाणूस. त्यांचं मन राखायला मुद्दाम कापून घेता."
घ्या! मुद्दाम कसलं? मला वाटायचं, माझंच डोकं वाकडं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
ही दया की फसवणूक? देवापुढे डोळे मिटले तरी कात्रीचाच आवाज. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, आंधळ्याला हात द्यावा. पण त्याला न सांगता भलत्याच वाटेनं न्यावं का — हे नव्हतं सांगितलं.

शनिवार, ८ मार्च
लग्न पुढच्या शुक्रवारी. "फोटो जन्मभर राहतात," ही म्हणाली. गेलो पुलापलीकडे. सुरेख कापले. चोरासारखा घरी आलो.

रविवार, ९ मार्च
तरी मामांकडे गेलोच. न जाणं जमेना.
"या भाऊ, महिना झाला." कापड बांधलं. बोटं मानेवरून फिरली, कानामागे गेली. थांबली. दोन्ही कल्ले चाचपले. पुन्हा चाचपले.
"सारखे आहेत," मामा म्हणाले. "चांगला हात आहे त्याचा."
मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.
"डोळे गेलेत भाऊ, बोटं नाही गेली. बाकीचे सगळे कापूनच येतात. खरे केस तेवढे तुमचेच उरले होते. माझ्यासाठी एवढं करतात बिचारे, म्हणून मीही हवेत कात्री चालवतो. त्यांना बरं वाटतं."
"मामा, लग्न आहे म्हणून —"
"अहो, बरं केलंत! लेकीचा बाप नीटनेटका दिसायलाच हवा."
मग कात्री उचलली. पाव तास — कचकच, कचकच. मीही सांगतील तशी मान वळवत राहिलो. का वळवली, मलाच ठाऊक नाही.

मंगळवार, ११ मार्च
मामांच्या दुकानाला कुलूप. काल कात्र्या पुसून, तेल लावून पेटीत ठेवल्या आणि मुलाकडे कायमचे राहायला गेले म्हणे. शिंपी सगळ्यांना विचारत होता, "एवढे आम्ही येत होतो, मग असं अचानक झालं काय?"
मलाही विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.