गच्चीवरचा अमीबा

६ जुलै
ठरलं. मंजूकडून डॉक्टरकीची नीट परीक्षा यंदा मीच पास करून घेणार. मागच्या खेपेला बायोलॉजीनं घात केला. लातुरात गल्लोगल्ली क्लास आहेत, पण बापासारखं जीव तोडून शिकवणार कोण? मी बी.कॉम. असलो म्हणून काय झालं. एवढं भांड्याचं दुकान चालवतो, तिथं पेशी काय अवघड? जेवताना जाहीर केलं. मंजू काहीच बोलली न्हाई. म्हणजे संमती. तिची आई म्हणाली, आधी दुकानाचं शटर वेळेवर उघडा.

९ जुलै, दुकानात
धडा वाचला. सगळे जीव पेशींचेच. अमीबा एकाच पेशीचा, खाणंपिणं, वाढणं सगळं एकटाच बघतो. माणसात कामं वाटलेली. लई सोपं. मायटोकॉन्ड्रियापाशी आलो अन् गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर डोळा लागला.

२० जुलै
नांदेडला जाऊन मायक्रोस्कोप आणला. कांद्याचा पापुद्रा लावला. जाडजूड काळी वाकडी रेघ दिसली. मंजूला ओरडून बोलावलं. तिनं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "अप्पा, ती तुमची पापणी हाय." तिनं एक चाक फिरवलं अन् विटांच्या भिंतीसारख्या पेशी, प्रत्येकीत एक ठिपका. खरंच, बघतच राहिलो. मी तेच चाक फिरवणार होतो.

२४ जुलै
कांदा झाला. आता एकपेशीय. अमीबा घरीच वाढवायचा. दुकानातल्या न खपलेल्या काचेच्या बरण्या गच्चीवर मांडल्या. पावसाचं पाणी, तळाला तांदळाचे दाणे. तिची आई म्हणाली, झाकणं लावा. म्हणलं, सजीवाला हवा लागते. तिला सायन्स कळत न्हाई.

२ ऑगस्ट
यश! अमीबा नुसत्या डोळ्यांनी दिसायलाय. काळपट, वळवळतोय, खालीवर करतोय. पुस्तकात म्हणतात, मायक्रोस्कोपशिवाय दिसत न्हाई. पुस्तक पुण्याचं. आपल्याकडची हवाच वेगळी. मंजूला बघायला बोलावलं, पण तिला क्लासला उशीर होत होता. संध्याकाळीही तिनं दार लावून घेतलं. एकाग्रता वाढलीय. माझाच परिणाम.

९ ऑगस्ट
आरोग्य खात्याच्या उमाबाई घरोघर पाणी तपासायल्यात. गच्चीवर टॉर्च मारला अन् कपाळाला हात लावला. "भाऊ, ह्या डासांच्या अळ्या हायत!" मी अमीबा समजावून सांगत होतो, तोवर त्यांनी सगळ्या बरण्या उपड्या केल्या. सरकारी माणसांना संशोधनाची कदर न्हाई. काही बरण्यांतले तर आधीच नाहीसे झाले होते. कुठं गेले, कळलं न्हाई.

२३ ऑगस्ट
मंजूला ताप. व्हायरल असणार. काढा पाजला.

२५ ऑगस्ट
डेंगू निघाला. दवाखान्यात ॲडमिट केलं. साथ सगळ्या गावात आहे. आमच्याच गच्चीवरचा डास चावला कशावरून? तिच्या आईनं काही विचारलं न्हाई. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. दिवसभर तयारच होतं.

२६ ऑगस्ट
प्लेटलेट्स उतरल्या. शेजारच्या कॉटवाल्यांना समजावून सांगितलं, प्लेटलेट म्हणजे रक्तातली सगळ्यात बारकी पेशी. मंजू डोळे मिटूनच म्हणाली, "पेशी न्हाई अप्पा. पेशीचा तुकडा. केंद्रक नसतं." अंगात ताप, अन् तरी बरोबर सांगितलं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.

२७ ऑगस्ट
आणखी उतरल्या. पपईच्या पानांचा रस नेला. डॉक्टरांनी बाटली बाजूला ठेवली अन् मलाही बाजूला घेतलं. म्हणाले, तुम्ही काही करू नका, नुसतं बसा. मी विचारलं, शरीराला नव्या बनवायला सांगायचं कसं? ते म्हणाले, सांगायचं नसतं, वाट बघायची. एवढ्या पेशी त्या पोरीच्या अंगात, अन् एकीलाही बापाचं ऐकायचं न्हाई. नुसतं बसलो. लई अवघड काम हाय.

३० ऑगस्ट
चढल्या. थोड्याच, पण चढल्या. डॉक्टर म्हणाले, आता भीती न्हाई. मंजूनं वरणभात मागितला. मी लगेच घरी पळालो. परत आलो तर डबा तिच्या आईनं आधीच आणून ठेवला होता.

३ सप्टेंबर
मंजू घरी आली. झालेलं नुकसान भरून काढायचं नवं टाइमटेबल मी केलं. दाखवायला गेलो तर तीच म्हणाली, अप्पा, तुम्हाला एक सांगायचंय. मला होस्टेलला जायचंय. मी म्हणलं, होस्टेल लांबून येणाऱ्या पोरींसाठी असतं, आपलं घर तर क्लासच्या मागच्या गल्लीत हाय. ती म्हणाली, "म्हणूनच." तिच्या आईनं बॅग आधीच काढून ठेवली होती. दोघींचं ठरलेलं दिसतंय.

१४ सप्टेंबर
सोडून आलो. चालतच गेलो. बॅग घ्यायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, जमतंय मला. वॉर्डनबाईंनी नियम सांगितला, पालकांनी फक्त रविवारी यायचं. मी म्हणलं, आज रविवारच हाय, बसतो थोडा. मंजू म्हणाली, "अप्पा, पुढच्या." मग पाया पडली अन् आत गेली. फाटकापाशी थोडा वेळ थांबलो, काही विसरली असली तर. काही विसरली नव्हती.

घरी आलो. तिच्या आईनं विचारलं, रडली का पोरगी? म्हणलं, छे, हसत गेली.
म्हणाली, मग नाक पुसा अन् जेवायला बसा.