बंद कारखान्यांचा रकाना

६ जानेवारी २०२५, सोमवार

पुन्हा करार! आग्नेय आशियातल्या देशांशी जो मुक्त व्यापाराचा करार झाला, त्याचा सिल्वासाच्या धागा कारखान्यांवर काय परिणाम झाला — हे मी शोधायचं. इतक्या वर्षांनी. आणि तीन आठवड्यांत! साहेब म्हणाले, "विजयाबेन, आप तो पुरानी हो, आंख बंद करके कर लोगी." सांख्यिकी कार्यालयात सव्वीस वर्षं काढली की माणूस पुराना होतोच. यादीत एकसष्ट कारखाने आहेत आणि माझी कंबर आत्ताच धरली आहे.

या वेळी एक नवं आहे. ज्या कारखान्यांत करारामुळे माणसं कमी झालेली दिसतील, तिथल्या कामगारांना सहा महिने नव्या मशीनचं प्रशिक्षण, विद्यावेतन आणि पुढे कामावर पहिला हक्क. यादी आमच्या अहवालावरून होणार. म्हणजे चुकायला वावच नाही.

८ जानेवारी, बुधवार

दादऱ्याचे पाच झाले. सगळीकडे चहा, सगळीकडे एकच उत्तर — "सब ठीक है." कापड विणणारे खूश, त्यांना बाहेरचा धागा स्वस्त पडतो. धागा बनवणारे तोंड वाकडं करतात, पण फॉर्मवर 'ठीक'च लिहितात.

रात्री घरी जेवताना आमचे भास्कर विचारत होते, "मग करार चांगला की वाईट?" म्हटलं, कुणाला विचारता त्यावर आहे. "शाळेत मुलं असंच उत्तर द्यायची, मी अर्धा मार्क द्यायचो," म्हणाले. रिटायर झाले तरी मास्तरकी जात नाही!

९ जानेवारी, गुरुवार

बेरजा. पाय सुजलेत.

१३ जानेवारी, सोमवार

नरोली. यादीतल्या बाराव्या कारखान्याला कुलूप. धाग्याला पीळ द्यायचं काम चालायचं तिथे. वॉचमन म्हणाला, ऑगस्टपासून बंद, एकशे चाळीस माणसं होती. सूचनापत्रात स्पष्ट आहे — बंद युनिट वगळावे, पुढचे घ्यावे. काट मारली, पुढे गेले.

पुढचं निघालं त्याच शेठचं! कारखाना बंद करून आता बाहेरचा धागा आणून विकतो. गोडाऊन, नऊ माणसं, थंडगार ऑफिस. करारापूर्वीचे कामगार: शून्य. आजचे: नऊ. शेरा — 'वाढ'. मी तो शेरा लिहिला. आपल्या हाताने लिहिला!

बाहेर येते तर एक बाई वाटच बघत उभी. भिमाबाई, खानदेशातल्या चोपड्याकडच्या. वॉचमनने सांगितलं असणार की सरकारी बाई आल्यात. "ताई, आठ वरीस बॉबिन बदल्यात मी तठे. मनं नाव लिखं का?" मी म्हटलं, कारखाना बंद आहे ना, बंद असला की लिहीत नाहीत.  तर त्या म्हणाल्या, "कारखाना बंद व्हयी गया. आम्ही चालूच सेत ना, ताई?"

 घाई आहे म्हटलं आणि रिक्षात बसले. लाज वाटली. अजून वाटते आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण, सुट्टी. सगळी सोसायटी गच्चीवर. मी घरातच यादी घेऊन बसले. उरलेल्यांना फोन लावून बघितले. एकसष्टपैकी सतरा बंद. नियमाने सतरांवरही काट मारून मोकळं व्हायचं! जे जगले त्यांनाच विचारायचं की बाबा कसा आहेस? ते 'ठीक' म्हणणार नाहीत तर काय? म्हणजे अहवालात रोजगार वाढलेलाच दिसणार. हा नियम काढणारा दिल्लीतला शहाणा एकदा भेटायला हवा मला! त्याला नरोलीच्या उन्हात दिवसभर फिरवीन.

भास्कर म्हणाले, "तिळगूळ घे." गोड बोलायची आज अजिबात इच्छा नव्हती.

१६ जानेवारी, गुरुवार

साहेबांशी बोललेच. बंद कारखान्यांसाठी वेगळा रकाना हवा म्हटलं. त्यांना दोनच वर्षं झाली इथे, पण माणूस वाईट नाही. म्हणाले, "सूचना दिल्ली की होगी तो हाथ जोडो, भूल जाओ. अपने ऑफिस की होगी, तो जिसने निकाली वो एक टिप्पणी डालके वापस ले सकता है. ओरिजिनल कागज लाओ."

आता जुन्या फाइली. शिंका, धूळ, झुरळं.

१७ जानेवारी, शुक्रवार

२०१९ च्या फेरीत 'मागील सूचनेनुसार'. २०१७ मध्येही 'मागील सूचनेनुसार'. मागे मागे जायचं किती!

दुपारी भिमाबाई ऑफिसात आल्या, बरोबर मुलगी रोशनी. चौतीस कामगारांची नावं वहीच्या कागदावर, रोशनीच्या सुरेख अक्षरात. बाकीचे आपापल्या गावी गेले म्हणे. भिमाबाईंना नवरा नाही. खोली महिनाअखेरीस सोडणार. "प्रशिक्षणमा नाव लागनं तर ऱ्हासू. नही तर चोपडाले जावो, दीरना घर." रोशनी नववीत आहे, वर्गात दुसरी. दीर शाळेत घालणार नाही, हे पोरीनेच सांगितलं. आवाज न चढवता.  कागद ठेवून घेतला. वचन दिलं नाही, देता येत नाही.

२० जानेवारी, सोमवार

दिवसभर रेकॉर्ड रूम. काही नाही. चहासुद्धा बेचव लागतो आहे. असली नोकरी शत्रूवरही येऊ नये.

२१ जानेवारी, मंगळवार

साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. नंतर आहे तसा अहवाल जाणार. मी थकले. रागही आता फार वेळ टिकत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

कागद सापडला. दिल्लीचा नाही, आपलाच. एप्रिल २०१४. 'बंद युनिटांमुळे तक्त्यात जागा रिकाम्या राहतात, सबब ती वगळावीत.' तेव्हाच्या साहेबांनी वर 'उत्तम' असं लिहिलं आहे. खाली सही माझी. त्या फेरीत काट मारलेल्या एकवीस कारखान्यांचे पत्तेही माझ्याच अक्षरात.

सूचना मागे घेतल्याची टिप्पणी साहेबांकडे दिली. त्यांनी मंजूर केली. मग भिमाबाईंना फोन — खोली सोडू नका, नावं घेतली आहेत. त्या रडायलाच लागल्या. मग विचारलं, "ताई, असा नियम काढेल तरी कोणी व्हता?"

मी, म्हटलं.